पायांतील मुंग्या : दुर्लक्ष नको

मांडी घालून बसल्यावर पायाला आलेल्या मुंग्या काही मिनिटांत जातात; त्यांची चिंता नसावी. मात्र जुलाब वा तापानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या, बधिरता येऊन ती वर चढू लागली व जिना चढणे अवघड झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा गुइलेन बॅरे सिंड्रोम असू शकतो. यात जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते; प्रसंगी श्वसनाचे स्नायूही दुर्बळ होतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे अनेक रुग्ण आढळले आणि दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले.

इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. पाणी उकळून प्यावे, हे सांगणे न लगे.