बसलेले पाटे आणि दोन इंचांचा मोह

वसई पट्ट्यातल्या नायगाव स्थानकाच्या पूर्वेला, अहमदाबाद महामार्गाच्या अलीकडे जूचंद्र वसले आहे. चंडिकादेवीचा डोंगर आणि इथले रांगोळीकार यांच्यामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. गाडीवेड्या माणसाच्या नजरेने पाहिले तर या पट्ट्याची ओळख वेगळी आहे. एका बाजूला खाडी आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर, मधल्या सखल जमिनीवर पावसाळ्यात तुंबणारे पाणी. आणि हाकेच्या अंतरावर वालीव-सातिवलीचे औद्योगिक गाळे, जिथे लेथ, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करून देणारे हात सहज मिळतात. जुनी महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी दारात उभी असलेल्या माणसाला ती ‘उचलून घ्यावी’ असे वाटायला याहून वेगळे काही लागत नाही. सस्पेन्शन लिफ्ट घरच्या अंगणात बसवता येते, आणि ते काम शिकण्यासारखे आहे. मात्र अशी इच्छा धरणाऱ्या बहुतेकांच्या गाडीला नवी उंची नको असते, हरवलेली जुनी उंची परत हवी असते. ती परत आणण्याचे काम घरचे आहे. त्यापुढचा प्रत्येक इंच म्हणजे गाडीची रचना नव्याने करणे, आणि ती जबाबदारी पान्यांच्या पेटीच्या बळावर पेलत नाही.

हे नीट कळायचे तर पाट्याची गाडी समजून घ्यावी लागते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून दीर्घकाळ या गाडीची रचना तीच राहिली: पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही कोपऱ्यांत एकावर एक रचलेले पोलादी पाटे. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीनेही तीच पद्धत ठेवली. यात पाटा फक्त वजन पेलत नाही. एक्सल पुढे-मागे सरकू न देणे, ब्रेक मारल्यावर त्याला गोल फिरू न देणे, वळणावर आडवे सरकू न देणे, ही सगळी कामे तोच करतो. म्हणून ही व्यवस्था साधी दिसते आणि साध्या अवजारांनी उघडता येते. पण पाट्याला हात लावला की एकाच वेळी चार गोष्टींना हात लागतो. महिंद्राच्या नव्या थारमध्ये ही कामे वेगवेगळ्या भागांत वाटलेली आहेत. पुढे डबल विशबोन, मागे लिंकांनी धरलेला अखंड एक्सल आणि चारही बाजूंना गुंडाळी स्प्रिंग. तिथे दाबून ठेवलेली स्प्रिंग सोडवावी लागते, आणि तिच्यात साठलेला जोर माणसाचा हात मोडू शकतो. योग्य कॉम्प्रेसर आणि सराव नसेल तर ते काम घरी करूच नये. म्हणून पुढचे सगळे विवेचन पाट्याच्या गाडीबद्दल आहे.

पाटे वर्षानुवर्षे भार सोसून सपाट होतात. मिस्त्री म्हणतात, ‘पाटे बसले’. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली जातो, खड्ड्यात एक्सल बंपस्टॉपवर आपटतो, मालकाला वाटते गाडी मुळातच बुटकी आहे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत यात गंजाची भर पडते: पाट्यांच्या मध्ये गंज साचतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात, आणि गाडी बुटकी असूनही कडक लागते. लिफ्ट किट विकत घेण्याआधी सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतल्या मापांशी ताडून पाहावे. दोन बाजूंत फरक निघाला किंवा पुस्तिकेपेक्षा माप कमी भरले, तर दुखणे कळले. बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन देणारे कारागीर महामार्गाच्या कडेला असतात. पण स्प्रिंगचे पोलाद भट्टीत लाल करून ठोकले आणि त्यानंतर त्याला नीट पाणी देऊन पुन्हा टेंपर केले नाही, तर त्याची लवचीकता जाते आणि पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तुटतो. मूळ मापाचा नवा संच थोडा महाग वाटला तरी घ्यावा.

बसवण्याच्या कामात घाई करण्याजोगा एकही टप्पा नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवावे. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडी उचलून चासीखाली पक्के स्टँड द्यावेत. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार देऊन मगच शॉकअपचा खालचा बोल्ट आणि यू-बोल्ट सोडावेत. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. एकदा पूर्ण आवळल्यावर त्यांचे आटे ताणलेले असतात, आणि एक्सल जागेवर धरणारे दुसरे काही नसते. पाट्याचा सेंटर बोल्ट एक्सलवरच्या भोकात नेमका बसला की नाही हे बोटाने चाचपून पाहावे. तो अर्धा इंच चुकला तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाने ओढत राहते. शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) आणि बुशांचे बोल्ट मात्र शेवटी, गाडी चाकांवर खाली उतरवून तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळायचे असतात. लोंबकळत्या पाट्यावर आवळले तर बुशाचे रबर कायमचे पीळ खाऊन राहते आणि लवकर फाटते. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे. इतके केले की गाडी आपल्या मूळ उंचीवर येते, आणि ज्यांना ‘लिफ्ट’ हवी होती त्यांच्यातल्या अनेकांचे समाधान इथेच होते.

आता त्यापुढचे दोन इंच. लांब शॅकल हा सर्वांत स्वस्त उपाय. एक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे शॅकल दोन इंचांनी लांबवली तर गाडी एकच इंच उचलली जाते. त्याबरोबर पाट्याचे एक टोक खाली जाते, एक्सल किंचित फिरतो आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन बदलतो. हाच कोन वळणानंतर स्टीअरिंगला आपोआप सरळ आणतो. तो घटला की महामार्गावर ऐंशीच्या वेगात गाडी भरकटू लागते. जीप आणि जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते एक्सलच्या वर बसवले की एकदम चार-पाच इंच उंची मिळते, म्हणून ही युक्ती लोकप्रिय आहे. पण मग ब्रेक लागताना आणि चढावर जोर देताना एक्सल पाट्यांना पीळ देतो, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून ते थरथरतात, आणि स्टीअरिंगचा आडवा दांडा तिरपा झाल्याने खड्ड्यात चाक उडाले की स्टीअरिंग आपोआप वळते. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते, तिला एक्सल आणि चासी यांतले वाढलेले अंतर म्हणजे रिकामी गाडी वाटते आणि ती मागचा ब्रेक कमी करते. बोल्ट घट्ट असले, गाडी दिसायला देखणी झाली, तरी हा दोष जोरात ब्रेक मारावा लागेल तेव्हाच उघड होतो.

उलटण्याचा हिशेब तर साध्या भागाकाराचा आहे. चाकांमधले आडवे अंतर सुमारे १,३०० मिलिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे असे धरू. अंतराला उंचीच्या दुपटीने भागले तर उत्तर १ येते; हे उत्तर जितके लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की तेच उत्तर सुमारे ०.९३ होते. एक्सल आणि चाके उचलली जात नसल्याने प्रत्यक्षात घट थोडी कमी असेल, पण दिशा हीच. डोंगरात आडव्या उतारावर किंवा महामार्गावर अचानक चुकवाचुकवी करताना हीच शिल्लक उपयोगी पडते. या किमतीच्या बदल्यात काय मिळते, हेही पाहायला हवे. चासी वर जाते, त्यामुळे चढाच्या सुरुवातीला आणि माथ्यावर अडण्याचा कोन सुधारतो, चाकाला खाली-वर व्हायला जागा मिळते. पण गाडीचा सर्वांत खाली लोंबणारा भाग, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, सस्पेन्शन लिफ्टने तसूभरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेच.

इथे पहिला आक्षेप येईल तो पाण्याचा. वसई-विरारचा माणूस तो घेणारच, आणि त्याला कारण आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साठून रेल्वे थांबली, मिठागरांत लोक अडकून पडले. अशा ठिकाणी उंच गाडी गरजेची नाही का? उंचीने इंजिनाची हवा घेण्याची जागा दोन इंच वर जाते हे खरे. पण एक्सलचे ब्रीदर, चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक होते त्याच पाण्यात राहतात. वाहत्या पाण्यात तर गाडी वाहून जाण्याचा धोका बुडण्याआधी येतो, आणि रस्त्यावरचे उघडे गटार उंच गाडीलाही दिसत नाही. नव्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगते, जमिनीपासूनची मोकळी उंची २२६ मिलिमीटर देते. त्याहून खोल पाण्यात दोन इंचांच्या भरवशावर शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. दुसरा आक्षेप ऑफ-रोड करणाऱ्यांचा: खरी कातळवाट मूळ उंचीवर पार होत नाही. काही वाटा होत नाहीत, हे मान्य. पण टायरमधली हवा कमी करणे, चाक नेमके कुठे ठेवायचे ते पायी उतरून पाहणे, लो गिअरचा संयमाने वापर, या कौशल्यांनी पार होणाऱ्या वाटांची संख्या त्याहून खूप मोठी आहे. आधी ही शिकावीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: गाडी माझी, जोखीम माझी, मग सरकारला काय? पण रस्त्यावर जोखीम एकट्याची राहत नाही. उलटलेली गाडी शेजारच्या रिक्षावर पडते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले: मालकाने परवानगी नसलेला फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. मूळ मापाचे पाटे बदलणे ही दुरुस्ती आहे. चार इंच लिफ्ट ही दुरुस्ती नव्हे.

तरीही नुसती बंदी हे पुरेसे उत्तर नाही, कारण बंदीने काम थांबत नाही, ते अंधारात जाते आणि वाईट होते. ऑस्ट्रेलियात अशा बदलांसाठी लेखी संहिता आहे: ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा, त्यापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र. आपल्याकडेही याची रीत नवी नाही. सीएनजी किट मान्यताप्राप्त असते, नेमलेल्या ठिकाणी बसवले जाते आणि आरसी बुकात नोंदले जाते. या वसई पट्ट्यातल्या कितीतरी रिक्षा आणि गाड्या त्याच मार्गाने धावतात. सस्पेन्शनसाठीही तसाच मार्ग काढता येईल. २०१९च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये फेरफार आणि रेट्रोफिटमेंटची मानके व मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे, आणि अशी मानके तपासून पाहू शकणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. परिवहन मंत्रालयाने हा अधिकार वापरून पाट्याच्या गाड्यांसाठी मर्यादा, चाचणी आणि नोंदणीची पद्धत जाहीर करावी. तोवर जूचंद्रच्या किंवा कुठल्याही अंगणात गाडी स्टँडवर चढवणाऱ्याने सर्व्हिस पुस्तिकेतले माप गाठावे आणि तिथे पाना खाली ठेवावा.