पडलेलं की पाडलेलं?

गेल्या टर्मला माझ्या रूममेटच्या सेमिनारमध्ये स्लाइडवर वाक्य आलं, 'द मोटर वॉज विंडेड'. वर्गात सगळ्यात मोठ्याने मी हसले. कॉन्व्हेंटची ना मी! 'विंडेड' म्हणजे दम लागलेला. मोटरचं वाइंडिंग केलं असेल तर 'वाउंड' म्हणायचं. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंडच उघडलं नाही.

मला वाईट वाटलं. एका रात्री तिला समजवायला बसले, तर पंचाईत! बरोबर काय ते मला माहीत होतं, पण 'का' ते सांगता येईना. शेवटी डिक्शनरी काढली. 'फॉल'चं तिसरं रूप 'फॉलन', आणि 'फेल'चं 'फेल्ड'. ती पटकन म्हणाली, "अगं, हे तर पडलेलं आणि पाडलेलं!" अगदी तस्संच. वादळात पडलेलं झाड 'फॉलन', कुऱ्हाडीने पाडलेलं 'फेल्ड'.

मग कुलूपच उघडलं. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा दोन वेगळी क्रियापदं सारखी दिसतात म्हणून. 'लाय-ले-लेन' म्हणजे आडवं पडणं. 'ले-लेड-लेड' म्हणजे ठेवणं, अंथरणं. म्हणून शेतात पाइपलाइन 'लेड' करतात. उरलेले पाइप बांधावर नुसते पडून राहिले, तर 'हॅव लेन'.

'फाइंड'चं 'फाउंड' म्हणजे सापडलेलं, पण 'फाउंडेड' म्हणजे स्थापन केलेलं. आपल्या राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली 'फाउंडेड' झालं. नुसतं 'फाउंड' लिहिलंत, तर ते त्या वर्षी कुणाला तरी सापडलं असा अर्थ होईल! तसंच 'ग्राइंड'चं 'ग्राउंड' म्हणजे दळलेलं, आणि 'ग्राउंडेड' म्हणजे अर्थिंग दिलेलं. मेसमध्ये 'ग्राउंडेड' मसाला मागू नका, शॉक बसेल!

एक अपवाद मात्र पाठच करा. 'हँग' एकच, रूपं दोन: दोरीवर टांगलेला टॉवेल 'हंग', फाशी दिलेला माणूस 'हँग्ड'.

तेव्हा मराठी मीडियमवाल्यांनो, घाबरू नका. तिसरं रूप लिहिण्याआधी मराठीत अर्थ विचारा: पडलं की पाडलं? सापडलं की स्थापलं? निम्मं काम तिथेच होतं. हे मला कॉन्व्हेंटमध्ये नाही, रूममेटकडून कळलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा सेमिनारला उभी राहतेय. मी पहिल्या बाकावर असेन. या वेळी हसायला नाही.