आजोबांचं भजन प्लेअरमध्ये दिसेना, तेव्हा...

आजचा भाग जयगडहून रेकॉर्ड करतोय, मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

काल तवसाळहून फेरीबोटीने येत होतो. रेंज जाऊन-येऊन. स्ट्रीमिंगवालं अ‍ॅप नुसतं गोल फिरत बसलं. म्हटलं, आजोबांचं भजन लावू, ते तर फोनमध्येच आहे. म्युझिक प्लेअर उघडला, तर यादीत नाहीच! आजोबा गेल्या वर्षी गेले. गणपतीत चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आठ व्हॉइस नोट, एवढाच त्यांचा आवाज उरलाय. पोटात गोळाच आला.

पण फाइल कुठे गेली नव्हती. त्याचं असं आहे की बहुतेक प्लेअर स्वतः फोनभर गाणी शोधत नाहीत. अँड्रॉइड एक यादी ठेवतं, मीडियास्टोर नावाची, ती ते वाचतात. ज्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ नावाची फाइल असते, तो फोल्डर या यादीतून वगळला जातो. व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोटच्या फोल्डरमध्ये नेमकी तीच ठेवतं. बरंच करतं म्हणा, नाहीतर शफलवर दोन गाण्यांच्या मधे आईचं ‘येताना दूध आण’ ऐकू आलं असतं!

मग करायचं काय? फाइल मॅनेजर उघडा. अँड्रॉइड, मग मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, परत मीडिया, आणि शेवटी व्हॉइस नोट्स. आत वर्ष आणि आठवडा यांच्या आकड्यांचे फोल्डर दिसतील. फाइलच्या नावात ‘पीटीटी’च्या पुढे तारीख असते, तिच्यावरून शोधा. सापडली की म्युझिक फोल्डरमध्ये कॉपी करा. मूव्ह नको हं, चॅटमधली नोट वाजायची बंद होईल.

आता नाव. फाइलचं नाव बदललं तरी प्लेअर कधीकधी भलतंच दाखवतो, कारण तो आतला टॅग वाचतो. एमपीथ्रीचा जुना आयडीथ्री टॅग शीर्षकाला फक्त 30 बाइट देतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला 3 बाइट लागतात, काना-मात्रा वेगळे मोजायचे. म्हणजे ‘जयगड गणपती भजन’सुद्धा मावत नाही. मराठी नावं द्यायची तर टॅगची दुसरी आवृत्ती निवडा.

प्लेअर कुठला? मी म्युझिकोलेट वापरतो. फोल्डरप्रमाणे गाणी दाखवतो, टॅग तिथेच बदलता येतात, आणि त्याला इंटरनेटची परवानगीच लागत नाही. व्हीएलसीही फुकट आणि ओपन सोर्स आहे.

एक मात्र आजच करा: दुसरी प्रत. फोन पाण्यात पडला तर प्लेअर पुन्हा डाउनलोड होईल, भजन नाही होणार. मी आठही फाइल पेनड्राइव्हवर टाकल्या आणि चुलतभावाला परत पाठवल्या, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. तसं पाठवलं की दिलेलं नाव टिकतं.