साइडकिक म्हणजे ढाल नव्हे

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ खेळणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, की साइडकिक, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांना साथ देणारा सोबती, ही २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने आणलेली नवी सोय आहे. पण गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या पहिल्याच आवृत्तीत पगारी सोबत्यांचे नियम होते आणि किती जण सोबत ठेवता येतील, हे करिश्मा हा गुण ठरवायचा. पात्र बनवताना सर्वांत कमी आकडा बिनधास्त करिश्म्यावर टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सगळ्यात घातक गैरसमज वेगळाच आहे. सोबती नियमांनी बांधलेला असतो, त्याला सापळ्याच्या दारातून सर्वांत आधी आत पाठवायचं आणि तो मेला तर दुसरा आणायचा, असं अनेकजण धरून चालतात. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेला १९८१चा बेसिक संच उघडून पाहा. करिश्मा ३ असेल तर एकच सोबती मिळतो आणि त्याचं मनोधैर्य ४; करिश्मा १८ असेल तर सात जण, मनोधैर्य १०. मनोधैर्याची कसोटी दोन सहा-बाजूंच्या फाशांची. बेरीज मनोधैर्यापेक्षा जास्त आली की त्याची हिंमत खचली. म्हणजे मनोधैर्य १० असलेला ३६ पैकी ३३ वेळा टिकतो आणि ४ असलेला फक्त ६ वेळा. ही कसोटी मोहीम संपल्यावरही घ्यायची असते; त्यात नापास झालेला सोबती बहुधा पुन्हा येत नाही. मालक कसा वागवतो, यावरून डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, ते मनोधैर्य वाढवू किंवा घटवू शकतो. माझ्या मते या खेळातल्या सर्वांत सुंदर नियमांपैकी हा एक आहे, कारण त्यामुळे सोबत्याला स्वतःचं मन मिळतं.

‘सोबती आले की लढाई रेंगाळते’ ही तक्रार मात्र अर्धी खरी आहे. प्रत्येक जादा पात्र म्हणजे प्रत्येक फेरीत एक जादा पाळी. म्हणूनच ‘टाशाज’मध्ये योद्धा, तज्ज्ञ आणि मंत्रधारी असे तीनच साधे वर्ग दिले आहेत, आणि ज्या प्राण्याला साइडकिक करायचं त्याची आव्हान-पातळी १/२ किंवा त्याहून कमी लागते. सगळ्या गटात मिळून एकच साइडकिक ठेवा, तो चालवणाऱ्या खेळाडूच्या पाळीतच त्याची पाळी उरका, हल्ल्याचे आणि इजेचे फासे एकदम टाका.

साइडकिक डन्जन मास्टरनेच चालवावा, असंही नाही. खेळाडूही चालवू शकतो. त्यातही ज्याने त्याला कामावर ठेवलं त्याच्याऐवजी दुसऱ्याच्या हाती द्या, म्हणजे मालकाला त्याचा बळी देण्याचा मोह होणार नाही. लढाईतल्या हालचाली खेळाडूने कराव्यात. पण जिवावरच्या कामाला सोबती हो म्हणतो की नाही, हे डन्जन मास्टरने ठरवावं.

पुढच्या बैठकीपूर्वी एका कार्डावर सोबत्याचं नाव, त्याला काय हवं आहे आणि कोणतं काम तो कदापि करणार नाही, एवढं लिहून ठेवा.