शेकाआधीचा आठवडा

हैदराबादेत चिक्कडपल्लीला मेट्रो धरायची, एमजीबीएसला गाडी बदलायची आणि लकडी का पूलला उतरायचं. रेड हिल्सचं एम. एन. जे. कॅन्सर रुग्णालय तिथून जवळच. 1955 पासूनची ही सरकारी संस्था. उपचारासाठी नांदेडहून आमच्याकडे राहायला आलेल्या काकांबरोबर ही वाट माझ्या पायाखालची झाली. त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. डॉक्टरांनी केमोबरोबर रेडिएशन सांगितलं: किरणांची एकूण मात्रा 70 ग्रे, 35 बैठका, शनिवार-रविवार सोडून सात आठवडे.

"मग उद्यापासूनच शेक चालू करा की!" काका म्हणाले. पण मशीनखाली जाण्याआधी आठवडाभर जे काम चालतं, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं, हे मी तिथे पाहिलं.

आधी मुखवटा. जाळीदार प्लास्टिकचा पांढरा पत्रा सुमारे 70 अंशांच्या पाण्यात सोडला. काही मिनिटांत तो लाटलेल्या पोळीसारखा लुळा पडला. पाणी टिपून दोघा टेक्निशियननी तो काकांच्या चेहऱ्यावर टाकला, कपाळापासून खांद्यापर्यंत ताणला आणि टेबलाच्या चौकटीत खटाखट अडकवला. नाकाचा शेंडा, हनुवटी बोटांनी दाबून आकार दिला. "काका, हिलना नक्को. सांस लेते रहो." काकांच्या मुठी आवळलेल्या. गार होता होता पत्रा कडक झाला. भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा मुखवट्यावर जिथे पडल्या, तिथे खुणा केल्या आणि त्याच स्थितीत सीटी स्कॅन झाला. रोज मान तशीच, तिथेच यावी यासाठी हा खटाटोप.

मग डॉक्टर स्कॅनच्या एकेका कापावर गाठ, मानेतल्या लसिकाग्रंथी, मज्जारज्जू, कानाखालच्या लाळग्रंथी वेगवेगळ्या रंगांत आखतात. मेडिकल फिजिसिस्ट त्यावर किरणांचा हिशोब मांडतात: गाठीला पूर्ण मात्रा, मज्जारज्जूला साधारण 45 ग्रेच्या आत, लाळग्रंथींना शक्यतो सरासरी 26 च्या आत. लाळ गेली की पुढे आयुष्यभर प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो.

कोबाल्ट, आयएमआरटी, प्रोटॉन ही नावं ऐकून नातेवाईक गांगरतात, त्यांचा अर्थ इथे लागतो. कोबाल्टनेही गाठीला मात्रा देता येते, पण आजूबाजूचं वाचवायला वाव कमी. आयएमआरटीत लिनॅक या किरणं देणाऱ्या मशीनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या सरकत राहतात आणि झोत वाकड्यातिकड्या गाठीच्या आकारात बसवता येतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो. चेन्नईत 2019 पासून आणि खारघरच्या टाटा केंद्रातही तो मिळतो, पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर बाहेरच्या किरणांनंतर आतून देण्याची ब्रॅकिथेरपी लागतेच. महागडं मशीन तिची जागा घेत नाही. माझं मत विचाराल तर मशीन किती नवं, यापेक्षा ही आखणी किती निगुतीने होते, हे आधी पाहावं.

प्रत्यक्ष बैठक काही मिनिटांचीच. दिसत नाही, दुखत नाही. "नातवाला जवळ घेऊ नका," असं कुणीतरी काकांना सांगितलं होतं. ते साफ चुकीचं. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणोत्सर्ग उरत नाही.

दुखणं सुरू होतं तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तोंड सोलवटतं, चव जाते. झणझणीत खाणारे काका मऊ भात आणि दह्यावर आले, मीठ-सोड्याच्या गुळण्या करू लागले. वजन उतरलं की मुखवटा सैल पडतो. मग तो पुन्हा करावा लागतो, कधी आखणीही. तरी बैठका चुकवायच्या नाहीत. मध्ये खंड पडला की गाठीला सावरायला सवड मिळते.

तुमच्या घरात तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं असेल, तर मुखवट्याच्याही आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेले दात काढून जखम भरू द्या. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरता सडू शकतं, आणि हा धोका वर्षानुवर्षं राहतो.