लिहितानाच चूक पकडणारी भाषा

चुडाव्याच्या शिवारात सोयाबीन चांगलं वर आलं, की घरोघरी एक काम निघतं: ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच मोबाइलवरून आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवू लागले. गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं आणि शेतात जाऊन फोटो काढायचा. मोबाइल मात्र बहुतेक वेळा कुणाच्या हातात असतो? बरोबर, तुमच्याच!

चला, गंमत म्हणून असंच एक छोटं ॲप आपण लिहू. फोटोसाठी एक जागा ठेवली. पण पाऊस आला नि काका फोटो न काढताच घरी परतले. ती जागा रिकामीच! संगणकाच्या भाषेत या रिकामेपणाला ‘नल’ म्हणतात. ॲप फोटो दाखवायला जातं, हाती काहीच लागत नाही आणि ते धाडकन बंद पडतं.

हा नल ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणला. पुढे २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटलं. त्याने जगभर इतके प्रोग्राम पाडले होते!

अँड्रॉइडची ॲप्स आधी मुख्यतः जावा भाषेत लिहीत. तिथे ही चूक बहुधा ॲप चालू असताना उघडी पडते, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. मग जेटब्रेन्स कंपनीने कोटलिन ही भाषा बनवली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली आणि २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत पाठिंबा दिला.

कोटलिनचा हट्ट एकच: ही जागा रिकामी राहू शकते का, ते आधी सांगा. राहू शकत असेल, तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावायचं. आता न तपासता तो फोटो वापरून बघा. तिथल्या तिथे लाल रेघ! चूक सुधारेपर्यंत ॲप तयारच होत नाही.

सुधारायची कशी? ‘?:’ ही खूण वापरून. डावीकडे काही नसेल, तर उजवीकडचं घे, असा तिचा अर्थ. म्हणजे फोटो नसेल, तर ‘फोटो बाकी आहे’ असं दाखव. मान डावीकडे कलवून ही खूण बघा बरं. केसांचा झुबका आणि दोन डोळे दिसले? गायक एल्विस प्रेस्लीच्या केसांवरून तिचं नाव पडलं एल्विस!

आता फोटो पाठवायचाय आणि शिवारात रेंज नाही. ॲप त्याचीच वाट बघत बसलं, तर पडदा गोठतो. बोट टेकवून ५ सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटी अँड्रॉइड झळकवतं. कोटलिनमधल्या ‘कोरूटीन’ची युक्ती इथे कामी येते. आजी कुकर लावते आणि शिट्टी होईपर्यंत गवार निवडते ना, तसंच! फोटो जाईपर्यंत ॲप तुमच्याकडे लक्ष देत राहतं.

शिवाय कोटलिन आणि जावा एकाच ॲपमध्ये नांदतात. जुनं सगळं मोडून नव्याने लिहावं लागत नाही.

पण सोयाबीनच्या शेतात चुकून कापूस निवडलात, तर कोटलिन गप्पच बसणार. पीक ओळखायचं काम तुमचंच. म्हणून कोड लिहिण्याआधी कागद घ्या आणि दोन याद्या करा: आपल्या ॲपमधल्या कोणत्या जागा रिकाम्या चालतील आणि कोणत्या मुळीच चालणार नाहीत?