मातापित्यांचे परदेशी कायम वास्तव्य आणि अंबरनाथच्या जन्मनोंदी

अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारलेल्या सज्ञान मुलास अथवा मुलीस आपल्या मातापित्यांसाठी तेथील कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. लोकव्यवहारात या परवान्यास ‘ग्रीन कार्ड’ असे म्हणतात. कारखान्यांत व सरकारी कचेऱ्यांत नोकरी करून मुलांना अभियांत्रिकीपर्यंत शिकविणारी पिढी अंबरनाथ पूर्वेसारख्या वस्तीत आज सत्तरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. या पिढीपुढे हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक बाजू अमेरिकी कायद्याची असून ती तुलनेने सरळ आहे. दुसरी बाजू आपल्याकडील जन्म, नाव आणि विवाह यांच्या नोंदींची होय, आणि अर्ज रखडतात ते बहुधा या दुसऱ्या बाजूमुळेच.

प्रथम कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहू. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांस नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९४६ च्या कायद्याने ही अपात्रता दूर झाली खरी, परंतु भारतीयांचा वार्षिक वाटा अवघा शंभर माणसांचा ठेवण्यात आला. १९५२ च्या कायद्यात नागरिकांच्या मातापित्यांना दुसऱ्या क्रमाचे प्राधान्य मिळाले, तरी तेही त्या त्या देशाच्या वाट्यातूनच द्यावयाचे असल्याने भारतीयांस त्याचा उपयोग नाममात्र होता. खरा पालट १९६५ च्या कायद्याने घडविला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाचे मातापिता ‘निकटचे आप्त’ या वर्गात घातले गेले व या वर्गास संख्येची मर्यादा उरली नाही. आजही तीच व्यवस्था चालू आहे.

मातापित्यांच्या वर्गात रांग नाही, मग त्यांस इतका उशीर का होतो? याचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या रांगेत आहे. नोकरीच्या आधारे मिळणारे कायम परवाने वर्षाकाठी सुमारे १,४०,००० असून कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस त्यांपैकी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय अभियंत्यास अनेकदा दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. परवाना मिळाल्यावर नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे आणखी पाच वर्षे काढावी लागतात. समजा, एखादा तरुण पंचविसाव्या वर्षी तेथे गेला, चाळिसाव्या वर्षी त्यास परवाना मिळाला व पंचेचाळिसाव्या वर्षी तो नागरिक झाला. त्याच्या जन्मसमयी वडील सत्तावीस वर्षांचे असतील, तर मुलगा अर्ज करावयास पात्र होतो तेव्हा वडिलांचे वय बहात्तर झालेले असते. ज्या वर्गास कायद्याने प्रतीक्षा ठेविली नाही, त्यास प्रत्यक्षात एक आयुष्य थांबावे लागते ते असे.

अर्ज माता व पिता यांच्यासाठी स्वतंत्र करावयाचा असतो. एकाच अर्जात दोघांचा समावेश होत नाही, आणि धाकटा भाऊ वा बहीणही त्यात बसत नाही. पुराव्यांतही भेद आहे. मातेसाठी अर्ज असेल तर तिचे नाव असलेला अर्जदाराचा जन्मदाखला सामान्यतः पुरतो. पित्यासाठी मात्र जन्मदाखल्याबरोबर मातापित्यांच्या विवाहाचा दाखलाही जोडावा लागतो. येथूनच आपल्याकडील अडचणींस आरंभ होतो.

विवाहनोंदणीचा कायदा मुंबई राज्यात १९५३ सालीच झाला होता, परंतु वैदिक विधीने झालेल्या लग्नाची नोंद करावी असे त्या काळी फारसे कोणास वाटत नसे. लग्नपत्रिका, पंगतीचे छायाचित्र आणि पुरोहिताची स्मृती हाच काय तो पुरावा असे. आता १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली अशा जुन्या विवाहाची नोंद उशिराने करता येते, आणि म्हणून नातवंडे झालेली जोडपी साक्षीदारांसह निबंधकापुढे उभी राहताना दिसतात. ही नोंद अवैध नव्हे. मात्र तिच्यावरील ताजी तारीख पाहून परदेशी अधिकारी सहायक पुरावे मागतो, हे ध्यानात ठेविले पाहिजे. यासाठी जुनी पत्रिका फेकून देऊ नये.

जन्मदाखल्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जन्म व मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्यांचा दाखला मिळेलच अशी खात्री नसते. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला, शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ‘नोंद आढळत नाही’ असे स्थानिक निबंधकाचे पत्र आणि जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्या आप्तांची प्रतिज्ञापत्रे यांवर काम चालवावे लागते. सरकारी कारखान्यात नोकरी केलेल्या पित्याच्या सेवापुस्तिकेत जन्मतारीख असते, व कुटुंबाच्या तपशिलाची नोंद झालेली असल्यास तीही उपयोगी पडते. शेजारच्या उल्हासनगरात, म्हणजे पूर्वीच्या कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांतील वृद्धांची जन्मस्थाने आज दुसऱ्या देशात आहेत, आणि तेथील नोंद मिळविणे जवळजवळ अशक्य होय.

अंबरनाथपुरते आणखी एक स्थानिक कारण आहे. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत असल्याने अंबरनाथकर म्हणून वाढलेल्या मुलाची नोंद कोकणातल्या वा घाटावरच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या वहीत सापडते. प्रसूती गावातच झाली असली तरीही नोंद कोठे शोधावी हा प्रश्न उरतो. अंबरनाथची नगरपालिका १९५९ साली स्थापन झाली. १९८३ मध्ये गाव कल्याण महापालिकेत समाविष्ट झाले व १९९२ मध्ये पुन्हा वेगळे झाले. मधल्या वर्षांतील जन्माची चौकशी म्हणून दोन्ही कचेऱ्यांत करणे श्रेयस्कर.

नोंद सापडली तरी तिच्यात बालकाच्या नावाचा रकाना कित्येकदा कोरा असतो. बारशापूर्वीच रुग्णालयाने ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढेच कळविलेले असते. १९६९ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये नाव मागाहून भरता येते. पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क घेऊन ते भरले जाते. मुदत उलटून गेलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या अर्जदाराने कोरा दाखला व शाळेचा दाखला एकत्र जोडून ओळख सिद्ध करावी, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

सर्वांत चिवट अडचण मातेच्या नावाची. विवाहसमयी सासरी मुलीचे नाव बदलावयाचे ही चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, तर मुलाच्या जन्मनोंदीत सुनंदा. वडिलांचे नाव गेले व पतीचे आले, आडनावही पालटले. तीन पदांपैकी एकही समान नसलेल्या दोन नावांची स्त्री एकच आहे, हे परदेशी अधिकाऱ्याने कोणत्या आधारे मानावे? आपल्याकडे जे सर्वांस ठाऊक असते ते कागदावर कोठेच लिहिलेले नसते. विवाहाचा दाखला दोन्ही नावांसह करून घेणे, प्रतिज्ञापत्र करणे आणि शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करणे, हे उपाय आहेत. अर्ज करण्यापूर्वीच ते योजावेत. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्यांस हात घालू नये.

कागद पूर्ण झाल्यावर मुलास उत्पन्नाचे हमीपत्र द्यावे लागते. स्वतःचे कुटुंब व येणारे मातापिता मिळून जेवढी माणसे होतील तेवढ्यांच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी त्याचे उत्पन्न असावे लागते. पुढे वैद्यकीय तपासणी व मुंबईच्या वकिलातीतील मुलाखत हे टप्पे येतात. हमीपत्र ही निव्वळ औपचारिकता नव्हे. मातापिता नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या त्यांच्या खाती जमेपर्यंत, मूलतः ते बंधन राहते.

परवाना हाती आल्यावर काय होते, याचा विचार घरांतून कमी केला जातो. पासष्टी उलटलेल्या ज्याने तेथे कधी काम केलेले नाही, त्यास सरकारी वृद्ध-आरोग्यविम्यात हप्ता भरून शिरण्यासाठीही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. वरील उदाहरणातील वडील त्र्याहत्तरीला पोहोचले, तर अठ्ठ्याहत्तरीपर्यंत त्यांची भिस्त खाजगी विम्यावर अथवा मुलाच्या खिशावर. भारतातील निवृत्तिवेतन व ठेवींवरील व्याजही अमेरिकी करविवरणात दाखवावे लागते. शिवाय ‘कायम वास्तव्य’ हे शब्द अक्षरशः घेतले जातात. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना विचारणा होऊ शकते. एक वर्ष वा अधिक राहावयाचे असेल तर अमेरिकेत असतानाच पुनःप्रवेशाची परवानगी मागावी लागते, आणि ती जास्तीत जास्त दोन वर्षांची मिळते. हिवाळा अंबरनाथला व उन्हाळा तिकडे असा क्रम काही वर्षे निभतो, पण ज्याचे घर, बँक व वैद्य सारे इकडेच आहेत त्याने वास्तव्य सोडून दिले असा निष्कर्ष अधिकारी काढू शकतो. केवळ नातवंडांस भेटावयाचे असेल तर प्रवासी व्हिसा अनेकदा पुरेसा असतो. मात्र कायम परवान्याचा अर्ज एकदा दाखल झाला की प्रवासी व्हिसा मिळणे कठीण होते, म्हणून हा निर्णय आधी करावयाचा.

इतर देशांचे धोरण याहून आखडते आहे. कॅनडाने २०२० साली नोंदविलेल्या इच्छुकांतूनच पुढील वर्षांची निमंत्रणे काढली. पाच वर्षांपर्यंत सलग राहू देणारा विशेष व्हिसा तेथे पर्याय म्हणून आहे. ब्रिटनने २०१२ पासून दीर्घकालीन शुश्रूषेची गरज व ती मायदेशी न मिळण्याची अवस्था सिद्ध करावयास लावून ही वाट फारच अरुंद केली.

मागे राहिलेल्या दुसऱ्या अपत्याविषयी एक मुद्दा उरतो. कायम परवाना मिळालेल्या मातापित्यांस आपल्या अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो, विवाहितांसाठी नाही. अर्ज प्रलंबित असता मुलाचे लग्न झाले तर तो अर्ज रद्द होतो. विवाहित मुलासाठी त्यांनी आधी नागरिक व्हावे लागते, अन्यथा भावाने भावासाठी अर्ज करून भारतीयांकरिता दीड दशकाहूनही लांबलेल्या रांगेत उभे राहावे.